बी. रघुनाथ : ग्रंथनामे, परिसर आणि भाषेचे दोन थर

१

बी. रघुनाथ ह्यांच्या वाङ्मयाविषयी बोलताना दोन विधाने हमखास केली जातात. एक असे, की ते मराठवाड्याचे लेखक असून पुण्यामुंबईच्या समीक्षकांकडून त्यांची उपेक्षा झाली. दुसरे असे, की त्यांच्या भाषेवर उर्दूची दाट छाया आहे. दोन्ही विधानांत तथ्य आहे. परंतु ती इतक्या वेळा आणि इतक्या सहजपणे उच्चारली गेली आहेत, की त्यांच्यापुढे जाऊन लेखकाची भाषा प्रत्यक्ष तपासण्याची निकड वाटेनाशी झाली आहे. ‘उपेक्षा’ हा शब्द लेखकाविषयी आदर व्यक्त करतो, पण त्याच्या लेखनाविषयी काहीच सांगत नाही. ‘उर्दूची छाया’ हा शब्दप्रयोग त्याहून अधिक दिशाभूल करणारा आहे, कारण कोणती उर्दू, कोठून आलेली आणि लेखकाने तिचे काय केले, हे तिन्ही प्रश्न तो झाकून टाकतो.

प्रस्तुत लेखात ह्या दुसऱ्या विधानाची भाषाशास्त्राच्या अंगाने छाननी करावयाची आहे. त्यासाठी पुरावा म्हणून बी. रघुनाथांच्या ग्रंथांची नावे घेतली आहेत. ग्रंथनाम हा लेखकाचा सर्वांत जाणीवपूर्वक निवडलेला शब्द असतो. कथेच्या ओघात एखादा शब्द सवयीने उतरतो. मुखपृष्ठावर मात्र सवयीने काही उतरत नाही. शिवाय तो शब्द अनोळखी वाचकाला उद्देशून असतो. लेखक आपला वाचक कोण मानतो, त्याच्याशी कोणत्या बोलीत बोलू इच्छितो, ह्याचा पहिला निर्वाळा ग्रंथनामातच मिळतो.

२

प्रथम चरित्राची आवश्यक तेवढी रूपरेषा. भगवान रघुनाथ कुलकर्णी ह्यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१३ रोजी सातोना येथे झाला. हे गाव तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. १९८१ मध्ये जालना जिल्हा स्वतंत्र झाल्यावर परतूर तालुक्याबरोबर ते तिकडे गेले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावर परतूर आणि सेलू ह्यांच्या दरम्यान ते वसलेले आहे. माध्यमिक शिक्षणासाठी ते हैदराबादेस गेले. घरची परिस्थिती पुढील शिक्षणास अनुकूल नव्हती. मॅट्रिकनंतर त्यांनी निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात कारकुनाची नोकरी धरली आणि उर्वरित आयुष्य परभणी व तिच्या आसपासच्या गावी काढले. नोकरीत असतानाच ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणी येथे त्यांचे निधन झाले. वयाची चाळीस वर्षे नुकतीच पूर्ण झाली होती.

ह्या तारखांकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले सप्टेंबर १९४८ मध्ये, आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात आले १ नोव्हेंबर १९५६ रोजी. म्हणजे बी. रघुनाथांचे सगळे आयुष्य हैदराबादच्या सीमेच्या आत गेले. त्यांपैकी पस्तीस वर्षे निजामाच्या राजवटीत. मराठी भाषकांच्या राज्यात ते एक दिवसही राहिले नाहीत. आज आपण त्यांना ‘महाराष्ट्राचे लेखक’ म्हणतो ते आपल्या नकाशावरून. त्यांच्या नकाशावर मराठी ही राज्याची भाषा नव्हती.

ह्या मुदतीत त्यांनी जे लिहिले त्याचे प्रमाण थक्क करणारे आहे. हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांपैकी पुढील अकरा नावे येथे विचारासाठी घेतली आहेत. कादंबऱ्या : ‘ओ’ (१९३६), ‘हिरवे गुलाब’ (१९४३), ‘बाबू दडके’ (१९४४), ‘उत्पात’ (१९४५), ‘म्हणे लढाई संपली’ (१९४६), ‘जगाला कळले पाहिजे’ (१९४९). कथासंग्रह : ‘साकी’ (१९४०), ‘फकिराची कांबळी’ (१९४८), ‘छागल’ (१९५१). काव्यसंग्रह : ‘आलाप आणि विलाप’ (१९४१). ललित निबंध : ‘अलकेचा प्रवासी’ (१९४५). ‘आडगावचे चौधरी’ ही कादंबरी आणि ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा काव्यसंग्रह हे त्यांच्या निधनानंतर, अनुक्रमे १९५४ व १९५५ मध्ये बाहेर आले. मरणोत्तर ग्रंथाच्या नावावर लेखकाखेरीज इतरांचाही हात असू शकतो; म्हणून ती नावे पुराव्यातून वगळली आहेत.

१९४३ ते १९४६ ह्या चार वर्षांत दर वर्षी एक कादंबरी आणि शिवाय एक निबंधसंग्रह, आणि हे सर्व कचेरीचे काम सांभाळून. ह्या वेगाची किंमत लेखनाला मोजावी लागली असणार, हे मान्य केले पाहिजे. परंतु आपला विषय रचनेचा नसून भाषेचा आहे.

३

कारकुनाच्या ह्या नोकरीचे भाषिक स्वरूप काय होते? हैदराबाद संस्थानात राज्यकारभाराची भाषा फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच होते. परभणीच्या कचेरीत जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ होता, बांधकाम खाते ‘तामीरात’ होते, कागदांची चळत ‘मिसल’ होती, परिपत्रक ‘गश्ती’ होते. सालाची गणना फसली आणि महिन्यांची नावे आजूर, दै, बहमन अशी इराणी. पगार मिळे तो हाली सिक्क्यांत. घरी, बाजारात आणि कीर्तनात मराठी, कचेरीत उर्दू, वरिष्ठांच्या तांत्रिक कागदांत इंग्रजी. ह्या तीन भाषांतून माणूस एका दिवसात तीन वेळा ये-जा करीत असे.

येथे एक भेद केल्यावाचून पुढे जाता येणार नाही. मराठीत अरबी-फारसी मूळचे शब्द एकाच काळी आणि एकाच वाटेने आलेले नाहीत. पहिला थर बहामनी काळापासून पेशवाईपर्यंतचा. जमीन, बाजार, कागद, शहर, गरीब, फौज, वसूल हे शब्द सर्व महाराष्ट्राचे आहेत. कोकणातल्या माणसालाही ते परके वाटत नाहीत. ते इतके मुरले आहेत, की त्यांच्या उच्चाराला मराठी वळण लागले : फारसीतील घर्षक ‘ज़’ हा जमीन, बाजार, जोर ह्या शब्दांत मराठीच्या दंततालव्य ‘ज’मध्ये विलीन झाला, आणि जिल्हा ह्या शब्दात पुढील इकारामुळे तालव्य झाला. दुसरा थर आसफजाही काळातला, मुख्यत्वे उर्दूमार्गे आलेला, आणि तो मराठवाड्यापुरता मर्यादित. तामीरात, मिसल, गश्ती, मुसन्ना, मोहतमिम हे शब्द त्या थरातले. पुण्याच्या वाचकाला ते कोशाशिवाय कळत नाहीत.

ह्या दोन थरांच्या सीमेवर काही मोठ्या गमतीच्या जोड्या आढळतात. ‘तालीम’ म्हणजे पहिल्या थराच्या मराठीत कुस्तीचा आखाडा किंवा नाटकाची पूर्वतयारी, उर्दूत शिक्षण. ‘शिकस्त’ म्हणजे मराठीत प्रयत्नांची पराकाष्ठा, उर्दूत पराभव. ‘खुलासा’ म्हणजे मराठीत स्पष्टीकरण, उर्दूत सारांश. ‘दप्तर’ मराठीत कागदपत्रांचा संग्रह आणि पुढे शाळकरी मुलाची पिशवी, उर्दूत कचेरी. एकभाषिक मराठी माणसाला ह्या शब्दांचा एकच अर्थ ठाऊक असतो. परभणीच्या कारकुनाला दोन्ही ठाऊक असत, आणि दुपारी एक व रात्री दुसरा अर्थ वापरण्याचा सराव त्याला असे. अशा माणसाच्या बाबतीत ‘प्रभाव’ हा शब्द अपुरा पडतो. प्रभाव बाहेरून पडतो. येथे दोन्ही भाषा आतच नांदत होत्या.

४

आता ग्रंथनामांकडे वळू. अकरा नावांत अरबी-फारसी मूळचे शब्द किती? गुलाब, साकी आणि फकीर. फक्त तीन. आणि हे तिन्ही शब्द दुसऱ्या, म्हणजे कचेरीच्या थरातले नाहीत.

‘गुलाब’ हा तर मराठीत घरचाच झालेला शब्द. फारसीत त्याचा अर्थ गुलाबपाणी. फूल हा अर्थ त्याला हिंदुस्थानात आला. ‘साकी’चा प्रवास अधिक चमत्कारिक आहे. अरबीत तो पाणी किंवा मद्य पाजणारा. उमर खय्यामच्या भाषांतरांमुळे तो १९४० पूर्वीच मराठी वाचकाच्या परिचयाचा झाला होता. पण मराठी कानाला ‘साकी’ म्हटल्याबरोबर दुसरीच एक गोष्ट आठवते : संगीत नाटकात आणि कीर्तनात दिंडी-कामदांच्या जोडीला येणारे मात्रावृत्त. एकाच उच्चारात सुरई आणि चिपळ्या दोन्ही ऐकू याव्यात, असा हा शब्द आहे. ‘फकिराची कांबळी’ ह्यात अरबी ‘फकीर’ आणि संस्कृत ‘कम्बल’पासून आलेली ‘कांबळी’ ही षष्ठीने जोडली आहेत. कांबळी धनगराच्या अंगावर असते, गोपाळकृष्णाच्या खांद्यावर असते आणि दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या फकिराभोवतीही असते. हा शब्दसंयोग मुद्दाम घडवावा लागत नाही. ज्या गावात दर्गा आणि देऊळ एकाच पाणंदीवर असते तेथे तो आपोआप घडतो.

‘छागल’विषयी थोडे थांबणे इष्ट आहे. प्रवासात पाणी गार ठेवण्यासाठी वापरावयाची कातड्याची किंवा जाड कापडाची पिशवी ती छागल. हा शब्द उर्दू वाटतो, उर्दूत आहेही. पण मुळात ‘छागल’ म्हणजे संस्कृतात बोकड. बोकडाच्या कातड्याची पिशवी म्हणून वस्तूला प्राण्याचे नाव मिळाले. म्हणजे वरवर यावनी दिसणारा शब्द निघाला भारतीय. समीक्षकाने केवळ नाद ऐकून ‘उर्दूची छाया’ असे लिहावे आणि शब्दाने मात्र आपली कुळकथा संस्कृतपासून सांगावी, ह्याचे ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

उलट बाजूस उत्पात, आलाप, विलाप, अलका, प्रवासी हे संस्कृत शब्द पहा. ‘आलाप’ आणि ‘विलाप’ हे दोन्ही ‘लप्’ म्हणजे बोलणे ह्या एकाच धातूपासून झालेले. फक्त उपसर्गाने एकाचे गाणे होते आणि दुसऱ्याचे रडणे. कवीने त्यांचा समास केला नाही, मध्ये ‘आणि’ ठेवला. दोन्ही वेगळे ऐकू यावेत म्हणून. ‘अलकेचा प्रवासी’ हे नाव ‘मेघदूता’कडे बोट दाखवते. अलका ही कुबेराची नगरी, आणि तिच्यापासून दूर पडलेला यक्ष हा कोण? कामात कसूर केल्याबद्दल वर्षभर हद्दपार झालेला धन्याचा नोकर. संस्कृत काव्यातील हा सर्वांत प्रसिद्ध विरही मुळात एक शिक्षा झालेला सेवक आहे, हे सामान्य वाचकाच्या लक्षात राहत नाही. सरकारी नोकराने आपल्या निबंधांना ते नाव द्यावे, ह्यात निव्वळ कालिदासभक्ती पाहणे अपुरे ठरेल.

मग निष्कर्ष काय निघतो? कचेरीचा जो थर बी. रघुनाथांच्या दिवसाचा सर्वांत मोठा भाग व्यापून होता, त्या थरातला एकही शब्द त्यांनी ह्या मुखपृष्ठांवर येऊ दिला नाही. तेथे आले ते शब्द एक तर सर्व महाराष्ट्राला ठाऊक असलेले, किंवा दोन्ही परंपरांना समाईक असलेले. आपला वाचक परभणीच्या पलीकडे आहे, हे भान त्यामागे असले पाहिजे. आपल्या प्रदेशाचा वेगळेपणा दाखवून लक्ष वेधून घेण्याचा मोह त्यांनी टाळला. ज्याला पुढे ‘प्रादेशिक’ म्हणून वेगळ्या कप्प्यात ठेवण्यात आले, त्या लेखकाची ग्रंथनामे ही मराठीच्या मध्यवर्ती प्रवाहाला उद्देशून लिहिलेली आहेत.

ह्याच काळातील दुसरे एक उदाहरण तुलनेला घेण्यासारखे आहे. ना. सी. फडके ह्यांच्या ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) ह्या कादंबऱ्यांची नावे अरबी-फारसी आहेत. त्यावरून फडक्यांवर उर्दूची छाया आहे असे कोणी म्हटले नाही, आणि ते बरोबरच आहे. ते शब्द पहिल्या थरातले आहेत. पण मग ‘फकीर’ आणि ‘गुलाब’ ह्यांना वेगळा न्याय का? माधव जूलियन ह्यांचे उदाहरण ह्याहून उद्बोधक. त्यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला, ‘गज्जलांजलि’ (१९३३) मधून गझलेचा आकृतिबंध मराठीत रुजविला, आणि पुढे १९३८ मध्ये ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकीय शब्दांच्या बहिष्काराचा पुरस्कार केला. त्यांच्या लेखी फारसी ही अभ्यासाने मिळविलेली आणि म्हणून निश्चयाने सोडता येणारी भाषा होती. बी. रघुनाथांना ती सोडण्याचा पर्याय नव्हता, कारण ती त्यांनी धरलेलीच नव्हती. ती त्यांच्या भोवती होती. भाषाशुद्धीची चळवळ पुण्यात ऐन भरात असताना परभणीतील मराठी लेखकापुढचा प्रश्न शुद्धीचा नव्हता, मराठी टिकविण्याचा होता. आणि मराठी टिकविण्यासाठी शब्द हाकलून द्यावे लागतात, असे ह्या माणसाला वाटलेले दिसत नाही.

५

शब्दांकडून वाक्यांकडे गेलो म्हणजे अधिक महत्त्वाचे काही हाती लागते. त्या काळातील लोकप्रिय कादंबऱ्यांची नावे आठवावीत : ‘दौलत’, ‘अटकेपार’, ‘उल्का’, ‘दोन ध्रुव’, ‘क्रौंचवध’. बहुतेक नामे किंवा नामसमूह. बी. रघुनाथांच्या नावांतही तसली आहेत. पण दोन नावे पूर्ण वाक्ये आहेत आणि एक नाव अवघे एक अक्षर. ही तीन नावे पाहण्यासारखी आहेत.

‘ओ’ हे संबोधन समजावे की उद्गार? मराठीत ‘ओ देणे’ म्हणजे हाकेला उत्तर देणे. ज्याने ओ दिली त्याला कोणीतरी आधी हाक मारलेली असते. तेवीस वर्षांच्या लेखकाची पहिली कादंबरी स्वतः हाक मारीत नाही, कोणाच्या तरी हाकेला ओ देते. असा अर्थ ह्या एकाक्षरी नावातून काढता येतो.

‘म्हणे लढाई संपली’ ह्यातील सगळे मर्म ‘म्हणे’ ह्या एका अव्ययात आहे. मराठी व्याकरणाच्या दृष्टीने ‘म्हणे’ येथे क्रियापद उरलेले नाही. बोलणाऱ्याने ही बातमी स्वतः पाहिलेली नसून ऐकलेली आहे, आणि तिची जबाबदारी तो घेत नाही, एवढे दाखविण्याचे काम ते करते. संस्कृतातील ‘किल’ ह्या अव्ययाशी त्याचे नाते जुळते. ‘लढाई संपली’ हे विधान आहे. ‘म्हणे लढाई संपली’ ही त्या विधानावरची शंका आहे. दुसरे महायुद्ध १९४५ मध्ये संपले, कादंबरी आली १९४६ मध्ये. महागाई, टंचाई आणि नियंत्रणे ज्यांच्या घरात अजून ठाण मांडून होती त्यांना युद्ध संपल्याचे वर्तमान ‘म्हणे’ ह्याच अव्ययासह कळले असणार. आणि हैदराबाद संस्थानात तर खरी लढाई अजून सुरू व्हावयाची होती.

‘जगाला कळले पाहिजे’ हे नाव व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत विलक्षण आहे. ‘जगाने जाणले पाहिजे’ असे म्हटले असते तर जग कर्ता झाले असते. ‘जगाला सांगितले पाहिजे’ म्हटले असते तर सांगणारा कोण, हा प्रश्न उभा राहिला असता. ‘कळणे’ ह्या क्रियेला करणारा नसतो. ज्याला कळते तो चतुर्थीत बसलेला असतो. ‘पाहिजे’ने कर्तव्य सांगितले, पण ते कोणाचे, हे सांगितले नाही. बोलणारा वाक्यात कोठेही नाही. आपण सांगतो आहोत असे न म्हणता जे सांगावयाचे ते सांगण्याची ही रीत आहे. १९४९ हे ह्या कादंबरीचे प्रकाशनवर्ष. पोलीस कारवाईला जेमतेम वर्ष उलटलेले.

ह्या वाक्यरचनांना पार्श्वभूमी आहे. हैदराबाद संस्थानात सभा भरविण्यासाठी पूर्वपरवानगी लागे. ‘गश्ती निशान ५३’ हे परिपत्रक त्यासाठी कुप्रसिद्ध होते. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे, म्हणजे सातोन्यापासून जवळच भरले. पुढच्याच वर्षी आ. कृ. वाघमारे ह्यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र काढले ते संस्थानाबाहेर, पुण्याहून. आणि संस्थानात बंदी आली की नाव बदलून ते पुन्हा काढावे लागे. ज्या प्रदेशाचे वृत्तपत्र प्रदेशाबाहेर छापावे लागते, तेथे बातमी ‘म्हणे’नेच पोहोचते. ज्या राजवटीत सरकारी नोकराला उघड भूमिका घेता येत नाही, तेथे कर्ता वगळून बोलण्याची सवय भाषेला लागते.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. ‘म्हणे’ आणि ‘कळले पाहिजे’ ह्या रचना सर्व मराठी भाषकांच्या आहेत. त्यांवरून परभणीचे काही सिद्ध होत नाही. आक्षेप योग्य आहे. रचना सर्वांच्याच आहेत. पण प्रश्न रचना कोणाची हा नसून ती मुखपृष्ठावर कोणी आणली हा आहे. बोलण्यातली अव्यये आणि कर्तृहीन वाक्ये ही ग्रंथनामाच्या लायकीची नव्हेत, असा संकेत ज्या काळात होता त्या काळात बी. रघुनाथांनी ती तेथे आणली. उर्दू शब्दांच्या संख्येत त्यांचा वेगळेपणा शोधणारा समीक्षक चुकीच्या जागी शोधतो. त्यांचा वेगळेपणा कोशात नाही, व्याकरणात आहे. आणि ते व्याकरण पूर्णपणे मराठी आहे.

लेखकाचे नावदेखील ह्याच दृष्टीने पाहता येईल. ‘भगवान’चे इंग्रजी आद्याक्षर, त्यापुढे वडिलांचे नाव, आणि आडनाव गाळलेले. ‘कुलकर्णी’ म्हणजे गावचा दप्तरदार; पिढ्यान्‌पिढ्या नोंदी लिहिणारा. पोटासाठी ज्याला नोंदीच लिहाव्या लागल्या त्याने साहित्यातून मात्र नोंदणाऱ्याचे ते नाव काढून टाकले. आद्याक्षर आधी लिहिण्याची पद्धत हैदराबादकडे रूढ होती. तीत जातिवाचक किंवा वृत्तिवाचक आडनावाची गरज पडत नाही. ह्या नावात मराठी, इंग्रजी आणि हैदराबादी रूढी अशा तिन्ही गोष्टी आहेत आणि तरी ते कोणालाही परके वाटत नाही.

६

हे सर्व आज मांडण्याचे कारण केवळ ऐतिहासिक कुतूहल नव्हे. परभणीच्या सभागृहाला बी. रघुनाथांचे नाव आहे, त्यांच्या नावे पुरस्कार दिला जातो, स्मृतिदिनी कार्यक्रम होतात. हे स्तुत्य आहे. पण लेखकाचे स्मारक आणि लेखकाचे वाचन ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. आज पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला, तो परभणीचाच असला तरी, ह्या लेखकाचा काळ समजून घेताना दोन अडचणी येतात. पहिली, कचेरीच्या थरातील शब्द त्याला अपरिचित आहेत. दुसरी अधिक गंभीर आहे : १९४८ नंतर निजामी राजवटीच्या स्मृतीशी उर्दूचे नाव इतके जखडले गेले, की तिचा प्रत्येक शब्द त्याला एक तर अत्याचाराची खूण वाटतो किंवा मैफलीचा शृंगार. तो जगण्याचा शब्द होता, हे त्याला सांगावे लागते. रझाकारांचे अत्याचार हे सत्य आहे आणि त्याच भाषेत कारकून रजेचा अर्ज लिहीत, शेतकरी वसुलाची पावती घेत, हेही सत्य आहे. भाषेवर राजवटीचा गुन्हा लादला की त्या भाषेत जगलेल्या प्रजेचा इतिहासही हातचा जातो.

हे नुकसान केवळ साहित्याचे नाही, हे अलीकडेच दिसून आले. २०२३ मध्ये मराठवाड्यातील कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, तेव्हा निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचू शकणाऱ्या माणसांची गरज प्रत्येक कचेरीला जाणवली. आजोबांच्या जमिनीचा कागद नातवाला वाचता येत नाही, अशी ही स्थिती आहे. त्याच आजोबांच्या काळातला कादंबरीकार त्याला कसा वाचता यावा?

म्हणून विभागापुढे एक काम ठेवावेसे वाटते. बी. रघुनाथांच्या समग्र वाङ्मयाची शब्दसूची तयार व्हावी. तीत प्रत्येक अरबी-फारसी मूळच्या शब्दाचा थर नोंदवावा : पहिला, दुसरा, किंवा केवळ काव्यपरंपरेतून आलेला. त्याचे लिंग, उच्चार आणि मराठी अर्थातील बदल द्यावेत. शब्द संवादात आला आहे की निवेदनात, हेही सांगावे. कारण पात्राच्या तोंडी असलेली उर्दू आणि लेखकाच्या लेखणीतील उर्दू ह्यांत महदंतर आहे. ह्या कामाला मुदत आहे. १९४८ मध्ये जो पंधरा वर्षांचा होता तो आज नव्वदीच्या पुढे आहे. ‘मिसल’ आणि ‘मुसन्ना’ ह्यांचा उच्चार ज्यांनी कचेरीच्या व्हरांड्यात ऐकला अशी माणसे परभणी, सेलू, मानवत, गंगाखेड, जिंतूर येथे अद्याप थोडी तरी भेटतील. दहा वर्षांनी भेटणार नाहीत. ग्रंथ शिल्लक राहतील, पण त्यांचा आवाज कसा होता हे सांगणारा कोणी नसेल.

गोदावरीच्या काठी गंगाखेडास जनाबाईच्या नावाशी जोडली गेलेली मराठी आणि परभणीच्या बांधकाम कचेरीत दडपून राहिलेली मराठी ह्या एकाच जिल्ह्याच्या भाषा आहेत. पहिलीचा अभ्यास आपण श्रद्धेने करतो. दुसरीला ‘उर्दूमिश्रित’ म्हणून बाजूस ठेवतो. बी. रघुनाथांनी स्वतः असा भेद केला नाही : ज्या वर्षी त्यांचा ‘अलकेचा प्रवासी’ निघाला त्याच वर्षी ‘उत्पात’ निघाला, आणि तीनच वर्षांनी ‘फकिराची कांबळी’. लेखकाने ज्या शब्दांना एकाच घरात जागा दिली त्यांना समीक्षेने वेगळ्या पंक्तीला बसविण्याचे कारण नाही. त्यांची शब्दसूची सिद्ध झाली म्हणजे हे मत मांडण्याची गरज उरणार नाही. ते मोजून दाखविता येईल.